गटारी, 205 ची क्वार्टर आणि राखणदार

मालवणात वाईन शॉपच्या काउंटरला असतो मी. गटारी म्हणजे आमची दिवाळी, पण 2025 ची काय सांगू, एकतर आली गुरुवारी, 24 जुलैला, म्हणजे निम्म्या लोकांचा वार, त्यांनी बुधवारीच उरकून घेतलेली, त्यात मासेमारी 31 जुलैपर्यंत बंद म्हणून खलाशांचे खिसे रिकामे, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे सरकारने दारूवरची एक्साईज ड्युटी उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून थेट साडेचार पट केलेली. साधी 180 मिलीची क्वार्टर जी 120-130 ला मिळायची ती आता 205 च्या खाली नाहीच. परमिट रूमवाल्यांनी 14 जुलैला बंद पाळून बघितला, फरक शून्य.

त्या दिवशी जो येईल तो बाटली उलटीपालटी करून आधी छापील किंमत बघायचा. जुन्या एमआरपीचा माल जुन्याच भावात द्यावा लागतो हे सगळ्यांना पाठ, आमच्याकडचा तो कधीच संपलेला. "मागे लपवलंस काय रे" ऐकून ऐकून कान किटले.

दुपारी एक मुंबईकर चाकरमानी आला, मोठी गाडी, त्याला इंडियन सिंगल माल्ट व्हिस्की पाहिजे. पॉल जॉन काढून दिली. तर म्हणतो, ही गोव्यात कुंकळ्ळीला बनते ना, मग तिथूनच उचलतो दोन-चार. म्हटलं साहेब, खुशाल उचला, फक्त येताना इन्सुलीला एक्साईजचा नाका आहे आणि गोव्यापुरती विक्री छापलेली बाटली मिळाली तर गाडीसकट अडकाल. मग बसला ज्ञान द्यायला. स्कॉटलंडात पिंपातली वर्षाला 2 टक्क्यांच्या आसपास हवेत उडते, आपल्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट, त्याला म्हणे देवदूतांचा वाटा म्हणतात.

"देवदूत खयचे, देवचार पियत असतले," मागून आवाज. आमचे आबा. आख्खं काउंटर हसलं.

आबा दरवर्षी बागेच्या राखणदाराला, म्हणजे बाग राखणाऱ्या देवचाराला, त्या अदृश्य शक्तीला, कोंबडा आणि क्वार्टर देतात, तीही आयबीचीच, म्हणजे इम्पीरियल ब्लू, दुसरी चालत नाही. मी हौसेने कालची बातमी सांगितली, की आयबी आता श्रीरामपूरची टिळकनगर इंडस्ट्रीज पर्नो रिकारकडून घेणार, 4,150 कोटींना. आबा म्हणाले, "इतके पैशे आसत तर माझ्याकडसून जास्तीचे कित्याक?" आता याला मी काय बोलणार, ते पैसे सरकारचे, कंपनीचे नाहीत, हे गर्दीत कोण समजावणार.

मग त्यांनी विचारलं, ती 148 वाली इली काय. म्हणजे महाराष्ट्र मेड लिकर, धान्यापासून बनवायची, इथल्याच कंपन्यांनी. जाहीर झालेली, पण आमच्या फळीवर एकही बाटली आलेली नव्हती. तेवढ्यात तो मुंबईकर परत मध्ये, काका, तुमच्या क्वार्टरमध्ये निम्म्याहून जास्त धान्याचं साधं न्यूट्रल स्पिरिट असतं, माल्ट नावाला, युरोपात हिला व्हिस्की म्हणूसुद्धा देत नाहीत. खरं आहे ते, पण गटारीच्या दिवशी काउंटरवर सांगायची गोष्ट आहे का ही?

आबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "माझो राखणदार युरोपचो नाय."

मी हळूच म्हटलं, आबानू, यंदा नव्वद मिलीची न्या, त्याला काय कळतंय. तर माझ्यावरच भडकले. "बागेत वर्षभर रवता तो, तुका काय ठाऊक?" पिशवीतून सुट्टे काढून मोजून 205 च्या वर जेवढे होत होते तेवढे ठेवले, क्वार्टर छत्रीत गुंडाळली, आणि स्वतःसाठी? "माका देशी बरी, 80 त भागता." गेले सरळ पलीकडच्या देशी दुकानाकडे. मुंबईकराने पॉल जॉन घेतलीच नाही, गोव्याचा रस्ता विचारून गेला.

मालक दिवसभर गल्ल्यावर बसून हेच बघत होते, पायी येणारा देशीकडे, गाडीवाला गोव्याकडे. रात्री शटर ओढताना म्हणाले, उद्याच्या ऑर्डरीत नव्वदच्या पेट्या वाढव, फुल बाटल्या निम्म्या कर.