११ विरुद्ध १०: डबल का हरत होता ते सापडलं

ब्लॅकजॅक (२१ च्या जवळ पोचायचा पत्त्यांचा खेळ) मोजणाऱ्या कोडमधला मागच्या नोंदीतला गुंता सुटला. अनंत-डेक मॉडेल (पत्ते निघाले तरी संभाव्यता बदलत नाहीत; डीलर सॉफ्ट १७ वर, म्हणजे एक्का ११ धरून झालेल्या १७ वर, थांबतो) ११ विरुद्ध १० ला, म्हणजे खेळाडूची बेरीज ११ आणि डीलरचा उघडा पत्ता १० असताना, हट्टाने हिटच (आणखी पत्ता घ्या) सांगत होतं. एका युनिट पैजेवर सरासरी नफा: हिट +०.०३३, डबल (पैज दुप्पट, एकच पत्ता) +०.०१२. पीक असलेल्या खेळात, म्हणजे डीलर आपला ब्लॅकजॅक (एक्का आणि दहाचा पत्ता) आहे का ते आधीच बघतो तिथे, डबलच यायला हवा.

संशय आधी हिटच्या रिकर्शनवर (स्वतःलाच बोलावत पुढचे पत्ते मोजणारा कोड), मग एक्का १ की ११ या हिशेबावर. दोन्ही स्वच्छ निघाले. डीलरच्या कोडकडे कुणी पाहिलंच नाही, कारण त्याचं एकूण बस्ट (२१ ओलांडण्याचं) प्रमाण २८.१६ टक्के, अगदी बरोबर येत होतं. चकवा तिथेच होता. त्या आकड्यात डीलरचे ब्लॅकजॅकही धरलेले असतात. खेळाडू निर्णय घेतो तोवर मात्र पीक झालेलं असतं, म्हणजे १० खाली एक्का नाही हे नक्की असतं. ही अट नसल्याने १३ पैकी एका डावात डीलरचा ब्लॅकजॅक लागायचा. त्यात हिटचं एक युनिट जायचं, डबलची दोन.

दुरुस्ती अशी: अपकार्ड (डीलरचा उघडा पत्ता) १० असेल तर होल कार्डमधून (त्याचा झाकलेला पत्ता) एक्का वगळा, २ ते ९ ला प्रत्येकी १/१२, दहाच्या पत्त्यांना (१०, गुलाम, राणी, राजा) मिळून ४/१२. अपकार्ड एक्का असेल तर दहाचे पत्ते वगळून उरलेल्या नवांना १/९. हे फक्त होल कार्डपुरतं! अट रिकर्शनच्या आत राहिली तर पुढच्या पत्त्यांतूनही एक्के गायब होतात. तिसऱ्या पत्त्यापासून पुन्हा १/१३ च.

आता १० वर बस्ट २१.२१ ऐवजी २२.९८ टक्के, एक्क्यावर ११.५३ ऐवजी १६.६५. हिट +०.११९५, डबल +०.१७९७. डबलचा आकडा कागदावरच्या बेरजेशी चौथ्या दशांशापर्यंत जुळला. काय आनंद!

जुना कोड टाकायचा नाही. युरोपीय नियमात डीलर होल कार्ड घेत नाही आणि त्याच्या ब्लॅकजॅकला डबलची पूर्ण रक्कम जाते. तिथे तोच बरोबर. म्हणून एक स्विच ठेवला. त्याच स्विचवर ८-८ विरुद्ध १० लाही स्प्लिटऐवजी (जोडी फोडून दोन हात खेळण्याऐवजी) हिट येतो.

पुढे सहा डेक आणि १६ विरुद्ध १०. इथे स्प्रेडशीट सोडाच. पत्ता निघाला की सगळ्या संभाव्यता हलतात. बेत सिम्युलेशनचा होता. पण अनंत डेकमध्ये हिट −०.५३९८, स्टँड (पत्ता न घेता थांबणं) −०.५४०४, फरक जेमतेम ०.०००६. एका डावाचं प्रमाण विचलन ०.८४ धरलं तर ०.०००१ इतक्या प्रमाण त्रुटीसाठी प्रत्येक बाजूला सुमारे ७ कोटी डाव लागतात. त्यापेक्षा दहा किमतींच्या शिल्लक पत्त्यांचा ॲरे ठेवून थेट मोजणी करणं शहाणपणाचं. सिम्युलेशन फक्त पडताळणीला, तेही एकाच शूवर (पिसलेल्या पत्त्यांच्या त्याच क्रमावर) दोन्ही निर्णय खेळवून, म्हणजे फरकातला गोंगाट कमी होईल.

आणि हे लिहिताना सुचलं: बेरीज १६ अशी एकच ओळ नको. १०-६ आणि ७-५-४ वेगळे मोजायचे. दुसऱ्यात हिटला उपयोगी पडणारे ४ आणि ५ आधीच हातात आलेले असतात, त्यामुळे तिथे स्टँड पुढे यायला हवा. पहिली चाचणी त्याचीच.