कापसाने पुसल्यावर दिसलेली रेघ

चोपडा तालुक्यातील माझ्या दवाखान्यात वैशाखातल्या एका दुपारी एक आजी सात वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. त्याची दुधाची दाढ किडून मुळाशी पू झाला होता आणि ती काढण्यावाचून इलाज उरला नव्हता. ते काम आटोपत असताना आजींच्या कडेवरची अडीच वर्षांची नात हसली आणि तिच्या वरच्या दातांपाशी मला काहीतरी खटकले.

"दूधना दात शेतस, पडीच जातीन," आजी म्हणाल्या. भावाच्या दाढेला मात्र अजून तीन-चार वर्षे तोंडात राहायचे होते, हे त्यांना सांगून मी मुलीला त्यांच्या मांडीवर आडवे केले आणि तिचा ओठ वर उचलला. ओले दात चांगले दिसत होते. कापसाने पुसून काही क्षण थांबले, तेव्हा चारही पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ उमटली. दाताच्या कवचातून कॅल्शियम आणि फॉस्फेट निघून गेले की तेथे सूक्ष्म छिद्रे पडतात. लाळेने ती भरलेली असताना नजरेस येत नाहीत आणि हवा शिरताच पांढरी दिसतात. घरच्यांना ही रेघ दिसली नाही, यात त्यांचा काही दोष नव्हता.

रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवूनच ती झोपत असे. साखरेपासून जिवाणू आम्ल तयार करतात, सामू (आम्लतेचे माप; आम्ल वाढले की तो उतरतो) साधारण ५.५ च्या खाली गेला की कवच विरघळू लागते, आणि झोपेत लाळ कमी झाल्यामुळे ते आम्ल धुऊन जात नाही. पण आजी दिवसातून दोनदा तिचे दात घासत होत्या, म्हणून मी टूथपेस्ट पाहायला मागितली. संध्याकाळी त्यांचा मुलगा ट्यूब घेऊन आला. तिच्यावर फळांची चित्रे होती, वास गोड होता, घटकांच्या यादीत फ्लोराइड मात्र कुठेच नव्हते. इतक्या निष्ठेने केलेल्या घासण्यात नेमके औषधच नसावे, याचे मला फार वाईट वाटले.

पेस्टमधील घासणारी पूड दातांवरचा थर काढते आणि फेसामुळे तोंड स्वच्छ वाटते; गेलेले खनिज परत बसवण्याच्या कामी येते ते फ्लोराइड. ते लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट दुखावलेल्या जागेकडे ओढते आणि तेथे आम्लाला अधिक दाद न देणारे स्फटिक तयार होतात. हे ऐकून आजी म्हणाल्या, "पावसाळ्याआधी घराच्या धाब्यावर नवी माती टाकतो, तसंच ना?" माझ्या स्पष्टीकरणापेक्षा हे कितीतरी नेमके होते.

भारतात टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत १००० भाग) जास्त फ्लोराइड चालत नाही आणि त्याचे प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. मी १००० पीपीएमची पेस्ट लिहून दिली आणि ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी घेऊन दाखवली. एवढी पेस्ट साधारण ०.१ ग्रॅम भरते, म्हणजे मुलीने ती सगळी गिळली तरी पोटात ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड जाते. घरी बोअरवेलचे पाणी पितात का, हेही विचारले, कारण पाण्यातच फ्लोराइड जास्त असेल तर हा हिशोब बदलतो आणि येणाऱ्या पक्क्या दातांवर डाग पडू शकतात. रात्रीचे घासणे चुकवायचे नाही, घासल्यावर चूळ भरायची नाही, फक्त पेस्ट पुसून काढायची, आणि बाटली बंद, एवढे ठरले. त्याच दिवशी दातांवर फ्लोराइडचा लेपही लावला, त्यामुळे पुढे जे घडले त्याचे सारे श्रेय मी पेस्टला देत नाही.

तीन महिन्यांनी आजी पुन्हा आल्या. मी कापूस हातात घेण्याआधीच त्यांनी नातीचा ओठ वर केला. तीन दातांवरची रेघ पुसटशी उरली होती, पण खडूचा खरखरीतपणा जाऊन तेथे चकाकी आली होती. चौथ्या दाताचा पृष्ठभाग मात्र खचून बारीक खड्डा पडला होता. कवच एकदा असे तुटले की कोणतीही पेस्ट ते पुन्हा उभे करत नाही, म्हणून त्या दातात मी ग्लास आयोनोमर हे दात भरायचे सिमेंट भरले, आणि मुलगी आजीचे बोट घट्ट धरून शेवटपर्यंत शांत पडून राहिली.