एका एन्येपायी गेलेले सहा आठवडे

मी डिझायनर, एका संस्थेची वेबसाईट आणि पालकांना एसएमएस पाठवायची सोय करून देत होते. आधीच सांगते, वेबसाईटमध्ये काहीच अडलं नाही. डिझाईन, फोटो, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांचे मेन्यू, गूगल सामाजिक संस्थांना महिन्याला 10,000 डॉलरपर्यंतच्या जाहिराती फुकट देतं त्याचा अर्ज, सगळं जूनमध्येच उरकलं होतं. अडलं ते एसएमएसच्या नोंदणीत, आणि तेही एका अक्षराच्या डोक्यावरच्या रेघेपायी. अजून आठवलं की डोकं फिरतं, म्हणून लिहून काढतेय.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिथे भारतीय इतके की एडिसन आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. पण तिथून थोड्याच अंतरावर पर्थ अँबॉय आहे, तिथे दुकानांच्या पाट्या स्पॅनिशमध्ये, राहणारे बरेचसे डॉमिनिकन आणि पोर्तो रिकन. तिथल्या एका संस्थेचं काम मला मिळालं, शाळा सुटल्यावर मुलांचे वर्ग आणि संध्याकाळी आईबापांसाठी इंग्रजी. संस्थेचं नाव सांगत नाही, पण नावात 'निन्योस' हा शब्द आहे, म्हणजे मुलं. त्यातला 'न्य' हे स्पॅनिशमधलं स्वतंत्र अक्षर आहे, त्याचं नाव एन्ये. इंग्रजी एन काढायचा आणि डोक्यावर छोटीशी लाट. ती लाट विसरलात तर अनर्थ होतो, 'आन्यो' म्हणजे वर्ष आणि लाट गेली की 'आनो', म्हणजे शरीराचा एक भाग, मागचा, जाऊ दे. डायरेक्टरबाईंनी पहिल्याच मीटिंगला बजावलं होतं की एन्येचा एन झालेला कुठेही चालणार नाही. मला तर लगेच पटलं. माझं माहेरचं आडनाव काळे, इथे सगळे ते 'केल' वाचतात, ती पालेभाजी. तर एन्येसाठी मी फॉन्टसुद्धा बदलला, आधीच्या फॉन्टमध्ये ती लाट अक्षराला चिकटत होती.

एसएमएसच का, तर पालक ईमेल उघडत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यांकडे आहे पण ग्रुपमध्ये आपला नंबर सगळ्यांना दिसतो आणि ते इथे बऱ्याच जणांना नको असतं. शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतात, त्याआधी प्रवेशाचे मेसेज जायला हवे होते. आता अमेरिकेत साध्या दहा आकडी नंबरवरून सॉफ्टवेअरने मेसेज पाठवायचे तर आधी संस्थेची नोंदणी करायची, मग कॅम्पेनची, म्हणजे कसले मेसेज पाठवणार त्याची. 2023 पासून नोंदणी नसेल तर मोबाईल कंपन्या मेसेज अडवतात. आपल्याकडे कंपन्यांना मेसेज पाठवण्याआधी ट्रायची डीएलटी नोंदणी करावी लागते ना, साधारण तसंच.

फॉर्म साधा होता, नाव, पत्ता, ईआयएन म्हणजे संस्थेचा पॅन नंबर समजा. मी मोठ्या अभिमानाने लाटेसकट नाव टाकलं. दोन दिवसांनी उत्तर, माहिती जुळत नाही. कुठली माहिती, ते नाही.

मला वाटलं पत्ता असेल. पत्त्यात स्ट्रीट पूर्ण लिहिलं, पुन्हा पाठवलं. जुळत नाही. मग नावाच्या शेवटी 'इन्क' असतं, आपल्याकडच्या 'लिमिटेड'सारखं, त्याच्या आधी स्वल्पविराम टाकला, नाही. स्वल्पविराम काढून टिंब टाकलं, तरी नाही. प्रत्येक वेळी दोन-चार दिवस वाट बघायची आणि तेच एक वाक्य परत. शेवटी ज्या कंपनीतर्फे मेसेज पाठवणार होतो त्यांच्या चॅटवर गेले. पलीकडचा म्हणतो, "नोंदीशी जुळत नाही असं दिसतंय." मी विचारलं, काय जुळत नाही? "ते आम्हाला दिसत नाही." मग कोणाला दिसतं? "तुम्ही पुन्हा सबमिट करून बघा." अहो, पाचव्यांदा करतेय! लहानपणी आईबरोबर रेशनकार्डाला गेले होते तेव्हा निदान समोर खिडकीतला माणूस तरी दिसायचा, त्याच्याशी भांडता यायचं.

मी डायरेक्टरबाईंना रोज फोन करत होते आणि त्या रोज 'त्रांकिला, त्रांकिला' म्हणजे शांत हो म्हणत होत्या, त्याने मी अजूनच पेटायचे. ऑगस्ट अर्धा संपला होता.

मग एका रात्री भांडी घासताना डोक्यात आलं की हे लोक नाव कशाशी जुळवत असतील? टॅक्स खात्याच्या नोंदीशी. आणि तिथे संस्थेचं नाव कसं लिहिलंय हे आपण कुणी बघितलंच नाही. ईआयएन मिळतो तेव्हा सीपी 575 नावाचं पत्र येतं, ते एकदाच मिळतं, संस्थेने ते केव्हाच हरवलं होतं. त्याऐवजी 147 सी नावाचं पत्र फोन करून मागता येतं, पण फोन संस्थेच्या अधिकृत माणसानेच करावा लागतो, माझ्यासारखी डिझायनर चालत नाही. डायरेक्टरबाईंनी केला आणि पत्र फॅक्सने मागवलं. फॅक्स! शेजारच्या फार्मसीत जाऊन घेतला. त्यात सगळं नाव कॅपिटलमध्ये, इन्कच्या आधी ना स्वल्पविराम ना पुढे टिंब, आणि निन्योसचं झालेलं 'निनोस'. त्यांच्या नोंदीत एन्येला जागाच नाही, साधी इंग्रजी अक्षरंच बसतात.

तसंच्या तसं टाकलं आणि पाच मिनिटांत मंजूर. मला हसू येईना आणि रडूही येईना. डायरेक्टरबाई पत्राकडे बघून एवढंच म्हणाल्या, "म्हणजे सरकारदरबारी आम्ही इतकी वर्षं निनोसच?"

तर कोणी करणार असाल तर आधी ते पत्र मागा, बाकी सगळं नंतर. कॅम्पेनचा अर्जही एकदा परत आला पण ती चूक माझी, वेबसाईटवरच्या फॉर्ममध्ये मेसेज घ्यायला संमती देण्याचा चौकोन मी आधीच टिक करून ठेवला होता. तो रिकामा हवा, आणि प्रायव्हसी पॉलिसीत फोन नंबर दुसऱ्या कुणाला जाहिरातीसाठी देणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

हो, आणि भाषा निवडायच्या बटणावर स्पेनचा झेंडा लावू नका, मी लावला होता, बाईंनी नुसतं बघितलं माझ्याकडे. मजकुरात मी सगळीकडे 'तू' म्हणजे आपलं तू वापरलं होतं, त्यांनी बसून सगळं 'उस्तेद' केलं, म्हणजे अहो-जाहो, कारण मुलांना घ्यायला निम्म्या वेळा आज्याच येतात.

मेसेज शेवटी शाळा उघडल्यावर गेले. पहिलं बिल आलं ते अंदाजाच्या तिप्पट. मेसेज साधारण दीडशे अक्षरांचा, एकात बसायला हवा, पण त्यात 'इन्स्क्रिप्सिओन' म्हणजे नावनोंदणी हा शब्द होता आणि त्यातल्या ओवर तिरकी रेघ असते. एसएमएसच्या जुन्या अक्षरसंचात तो रेघवाला ओ नाही, मग अख्खा मेसेज दुसऱ्या पद्धतीने जातो आणि 160 ऐवजी 70 च अक्षरं बसतात, लांब असेल तर त्याचे तुकडे. मराठी एसएमएसचं होतं तेच. तो शब्द काढून 'मुलांची नावं नोंदवा' अशी वाक्यरचना केली आणि बिल जागेवर आलं. त्या जुन्या संचात एन्ये मात्र पहिल्यापासून आहे, लाटेसकट, एक पैसा जास्त न घेता.