झऱ्याला लाल पाणी आलं तेव्हा

दहा लिटरची बादली भरायला त्या झऱ्याला मेअखेरीस पावणेदोन मिनिटं लागली होती. जुलैतल्या त्या सकाळी ती नऊ सेकंदांत भरली. आकडा वहीत टिपून बादली उपडी केली, तर तळाशी लाल मातीचा साका.

पोलादपूर तालुक्यातली, सावित्रीच्या खोऱ्यातली ही सव्वीस उंबऱ्यांची वाडी. माथ्यावर जांभा, उतारावर माती-मुरमाचा जाड थर आणि त्याखाली अभंग काळा कातळ. वर मुरलेलं पाणी कातळापाशी येऊन अडतं, त्याच्या पाठीवरून सरकत राहतं आणि कातळ जिथे उघडा पडतो तिथे बाहेर येतं. तोच वाडीचा झरा. मी भूवैज्ञानिक आहे आणि घाटातल्या अशा झऱ्यांवर काम करते.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात एप्रिल उजाडला की टँकर लागतो, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. पण उतार एवढा तीव्र की पाणी थांबतच नाही. उन्हाळ्यात बायका रात्री दोन वाजता हंडे घेऊन झऱ्यावर नंबर लावायच्या. म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही झऱ्याच्या वरच्या अंगाला सलग समतल चर खणले, म्हणजे उतारावर एकाच उंचीच्या रेषेत, पाणी अडवून मुरवणारे लांब खड्डे. आधी मार्चमध्येच आटणारा झरा पुढच्या उन्हाळ्यात मेअखेरपर्यंत टिकला. वाडीतल्या बायकांनी माझी ओटी भरली होती.

त्या सकाळी झऱ्याशी एक आजी इरलं पांघरून उभी होती. म्हणाली, "आषाढात पन ह्या पान्यात तळाचा खडा दिसायचा. चार दिस झाले, असा लाल येतोय. माझ्या सासूनं पन कधी असा सांगितला नाय."

चार दिवस! मी महिन्यातून एकदा मोजमापाला येणार आणि ही रोज पाणी बघणार. तिला कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

पावसाळ्यात झरा जोरात वाहतो, त्यात काळजीचं काही नाही. पण स्वच्छ झरा अचानक माती घेऊन यायला लागला, म्हणजे आत मुरूम आणि कातळाच्या सांध्यावर पाणी माती कोरतंय. वरचा सगळा भार त्या सांध्यावरच तोललेला असतो. मातीचे कण एकमेकांना धरून असतात म्हणून उतार उभा राहतो. मधल्या फटींत पाणी ठासून भरलं की ही पकड सुटते.

पोलीस पाटलांना घेऊन वर चढले. आदल्या उन्हाळ्यात जेसीबीने डोंगर कापून वरच्या बाजूने रस्ता काढला होता. रस्ता वाडीनेच मागितला होता, आणि हक्काने मागितला होता. बाळंतपणाला अडलेली बाई डोलीतून खाली नेताना काय होतं हे त्यांनी पाहिलंय. पण कंत्राटदाराने आतल्या बाजूने गटार काढलं नाही, रस्त्याखालून पाणी जायला मोरी घातली नाही आणि कापलेला सगळा मुरूम व्हाळात, म्हणजे ओढ्यात, लोटून दिला. व्हाळाची वाट बुजली तसं पाणी रस्त्यावरून धावत येऊन थेट आमच्या चरांत उतरलं.

चर काठोकाठ भरले होते. तिसऱ्या चराच्या वर, कारवीच्या मुळांतून एक भेग गेलेली दिसली. मी हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. आतून गार वाफ येत होती आणि बोटांना माती लोण्यासारखी लागत होती. पाटील पावलांनी मोजत पुढे गेले. चाळीस पावलं. भेग चंद्रकोरीसारखी वळली होती आणि तिची दोन्ही टोकं वाडीकडे उतरत होती, म्हणजे मधला सगळा उतार वाडीवर सुटू पाहत होता.

मी तिथेच खाली बसले. चर ही दुष्काळी मुलखातली युक्ती. नगर-सोलापूरकडे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे प्रत्येक थेंब अडवायलाच हवा. इथे तेवढा पाऊस कधीकधी एका दिवसात कोसळतो. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला आणि त्याच दिवशी शेजारच्या महाड तालुक्यात तळिये दरडीखाली गेलं. ऐंशीहून जास्त माणसं गेली. हे सगळं मला पाठ होतं. तरीही वस्तीच्या डोक्यावर पाणी मुरवणारा आराखडा मी सही करून दिला होता, कारण मे महिन्यातले रिकामे हंडे मला रोज दिसत होते.

तळिये सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं, त्यामुळे माणसं निघायला तयार झाली. अडलं ते गुरांपाशी. गुरं बांधून गेलो तर मरतील, सोडली तर लावणीत शिरतील. शेवटी आजीनेच आपल्या गोठ्यातली दावी सोडली आणि मग बाकीच्यांनी. शाळा डोंगराच्या सोंडेवर आहे, घळीत नाही, म्हणून सगळ्यांना तिकडे हलवलं. तहसील कार्यालयाला फोन लागायला दुपार झाली. चार तरुण टिकाव-फावडी घेऊन आले. भेगेच्या पट्ट्यात कुणाला पाय ठेवू दिला नाही, बाहेरच्या टोकांनीच दोन चर फोडून पाणी पलीकडच्या कातळावर काढून दिलं. तिसऱ्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

पहाटे साडेतीनला, खडीचा डंपर ओतावा तसा आवाज आला, आणि तो थांबेचना. त्यामागून ओल्या मातीचा आणि चिरडलेल्या कारवीचा उग्र वास. शाळेत कुणी रडलं नाही, बोललंही नाही. पाटलांनी अंधारातच घराघराची नावं घेतली. सव्वीस घरांतून "हाय" आलं.

उजाडल्यावर पाहिलं. रस्त्याच्या वळणापासून दोन चर पोटात घेत उतार खाली आला होता. एक गोठा आणि तीन घरांची परसं गेली होती. झऱ्याच्या जागी लाल चिखल.

अहवालात रस्त्याबरोबर मी आमचे चरही लिहिले. रस्त्याचं कारण पुरेसं आहे, असं काही सहकाऱ्यांचं म्हणणं होतं. पण पुढची वाडी निवडताना कुणीतरी तोच आराखडा उचलणार होतं, ते मला चालणार नव्हतं.

डिसेंबरात उरलेले चर आम्ही बुजवले. आता पाणी मुरवायचं ते वाडीच्या डोक्यावर नाही, सोंडेपलीकडच्या सपाट माळावर, आणि व्हाळ मोकळा करून, मोरी घालून झाल्यावरच. त्या माळावरचं पाणी या झऱ्यापर्यंत कितपत पोचेल ते दोन उन्हाळे मोजल्याशिवाय कळणार नाही, हे मी वाडीला आधीच सांगितलं.

झरा जुन्या जागेपासून तीसेक फुटांवर पुन्हा फुटला. बादलीला चोपन्न सेकंद. आजीने तांब्या धरला, उजेडाकडे नेऊन बघितला आणि मग प्यायली.

पुढच्या आषाढात गेले तेव्हा शाळेच्या खिडकीत प्लॅस्टिकच्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. सातवीतली एक मुलगी रोज सकाळी झऱ्यावरून एक बाटली भरून आणते, तारीख लिहिते आणि आजीला दाखवून खिडकीत ठेवते. त्या दिवशी एकोणीस बाटल्या होत्या. एकोणिसांतूनही पलीकडचा डोंगर दिसत होता.