नॉरफोकला जुनी सेव्हन पाहायला: वापरलेली किट कार घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी

इंग्लंडमधील लेस्टरहून नॉरफोकला जाण्याचा रस्ता सोपा आहे. ए-१४ने केंब्रिजपर्यंत जायचे आणि तेथून ए-११ धरायचा. कोरडा, उजेडाचा दिवस आम्ही मुद्दाम निवडला होता, कारण ओल्या गाडीवर ओरखडे आणि पोचे दिसत नाहीत. विकणाऱ्या गृहस्थांना आदल्या संध्याकाळी फोन करून आम्ही पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नये, एवढी विनंती केली होती. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जो आवाज आणि धूर करते, त्यावरून पुष्कळ काही समजते. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन ते सारे झाकते.

गाडी होती केटरहॅम सेव्हन (सुट्या भागांच्या किटमधून घरी जोडता येणारी छोटी, उघडी स्पोर्ट्स कार), पी अक्षराच्या नंबरप्लेटची, म्हणजे ऑगस्ट १९९६ ते जुलै १९९७ या काळात नोंदलेली, १.६ लिटरच्या रोव्हर के-सिरीज इंजिनाची. मूळ सेव्हन लोटस या मोटार कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांनी १९५७मध्ये आणली. सुट्या भागांच्या रूपात विकलेल्या गाडीवर ब्रिटनमध्ये त्या काळी खरेदी कर लागत नसे, म्हणून अनेकांनी ती घरच्या गॅरेजमध्येच जोडली. १९७३मध्ये ती बनवण्याचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले, कर बदलले, तरी स्वतः गाडी जोडण्याची हौस टिकून राहिली. त्यामुळे एकाच नावाच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो. वापरलेली किट कार घेणारा खरे तर तिच्या जोडणाऱ्याची कारागिरी विकत घेत असतो, आणि तपासायची असते ती मुख्यतः तीच.

म्हणून पहिला तास कागदांना द्यावा. व्ही-५-सी हे नोंदणीपत्र घेऊन त्यावरील चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी अक्षरशः बोट ठेवून ताडून पाहावेत. नोंदणीपत्रावर किटचे नाव न दिसता जिच्यातून भाग काढले त्या जुन्या फोर्डचे नाव दिसले, तर तो गुंता आधी विकणाऱ्याने सोडवावा; आपण तो गळ्यात बांधून घेऊ नये. नंबरप्लेट क्यू अक्षराची असेल तर गाडीचे वय किंवा भागांचे मूळ निश्चित करता आले नव्हते, असा त्याचा अर्थ होतो. तो दोष नव्हे, पण किंमत ठरवताना धरायलाच हवा. १९९८नंतर नोंदलेल्या गाडीसाठी एसव्हीए आणि २००९नंतरच्या गाडीसाठी आयव्हीए या चाचणीचा (एकेकट्या जोडलेल्या गाडीला रस्त्यासाठी मंजुरी देणारी चाचणी) कागद मागावा. वार्षिक एमओटी तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर केवळ नंबर टाकून फुकट पाहता येतो. आम्ही तो निघण्यापूर्वीच वाचला होता आणि पुढच्या चाकाच्या बेअरिंगबद्दलची सूचना सलग दोन वर्षे आलेली पाहून प्रश्न तयार ठेवले होते. या गृहस्थांकडे जोडणीच्या वेळचे फोटो आणि प्रत्येक भागाची पावती होती. असा जाडजूड फोल्डर चकचकीत रंगापेक्षा जास्त मोलाचा.

त्यानंतर सांगाडा. सेव्हनची चासी पोलादी नळ्यांची असते (केटरहॅमच्या कित्येक चासी हंटिंगडनच्या आर्च मोटर्सने बनवल्या आहेत), आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने बसवलेले असतात. बाजूचा पत्रा बदलायचा म्हणजे जवळजवळ सगळी गाडी उकलावी लागते, त्यामुळे त्यावरील खोल पोचा किरकोळ समजू नये. चटई अंथरून, टॉर्च घेऊन खाली झोपावे. इंजिनाचा संप, म्हणजे तळाचे तेलाचे भांडे, हा गाडीतला सर्वांत खालचा भाग असल्याने गतिरोधकांचे वार प्रथम त्याच्यावर येतात. या गाडीच्या संपावर घासल्याचे जुने चट्टे होते, ते अपेक्षितच होते. पण त्याच्या मागे डावीकडच्या खालच्या नळीवर हाताच्या पंजाएवढ्या भागात काळा रंग नवा, जाड आणि ब्रशने दिलेला होता. बोट फिरवल्यावर नळीचा गोलवा तिथे चपटा लागला. सौजन्याने विचारले, तेव्हा उत्तर आले, ‘मी घेतली तेव्हापासून असेच आहे.’ ते खरेही असेल. तरीही टेप काढून आम्ही पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधले अंतर दोन्ही बाजूंनी मोजले, आणि डावीकडचे स्पष्टपणे कमी भरले.

इंजिन मात्र निर्दोष निघाले. के-सिरीजचे हेड गॅस्केट (तेल आणि कूलंट एकमेकांत मिसळू न देणारी इंजिनातली सील) जाणे सर्वश्रुत आहे, म्हणून ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा फिकट थर आहे का, कूलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग आहे का, हे पाहावेच. थंडीत फक्त जवळच्या फेऱ्या मारलेल्या गाडीत झाकणाला थोडी मलई दमटपणामुळेही जमते, तेव्हा एका खुणेवरून निकाल देऊ नये. गाडी चालवताना ॲक्सिलरेटर सोडताच आणि पुन्हा दाबताच मागून ‘ठक्’ असा आवाज आल्यास मागच्या चाकांना जोडणाऱ्या डी-डिऑन ॲक्सलच्या त्रिकोणी दांडीचा बुश (सांध्यातला रबरी तुकडा) झिजलेला असण्याची शक्यता मोठी असते. तो बदलता येतो, फक्त किमतीतून वजा करावा.

टायरकडे लोक झीज पाहतात. या गाड्यांत वय पाहावे. वर्षातून थोडेच चालणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधी कडक होतात. बाजूवरच्या कोडमधले शेवटचे चार आकडे, उदाहरणार्थ २३१४, म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलच्या रबरी नळ्याही बघाव्यात, कारण २०२१पासून पंपांवर ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले) पेट्रोल आले आणि जुने रबर ते सोसत नाही.

बूट अरुंद आणि पातळ तळव्याचे घालावेत. पेडल इतकी जवळजवळ असतात की जाड बुटाने ब्रेकबरोबर ॲक्सिलरेटरही दाबला जातो. उंच माणसाने आधी नुसते बसून पाहावे. २०००नंतर मिळणारी रुंद एसव्ही चासी अशांसाठीच आहे. उतरताना बाजूच्या एक्झॉस्टपासून पोटरी जपावी, ती भाजून निघते. आपला विमा परक्याच्या गाडीला लागू असेलच असे नाही, म्हणून आधी शेजारच्या सीटवर बसून फेरी मारावी.

ती गाडी आम्ही घेतली नाही. चासी सरळ करून घेण्याचा खर्च वजा करून बोलणी झाली, परंतु विकणाऱ्यांना ते मान्य झाले नाही आणि नाराजीही राहिली नाही. त्याच भागात सफोकमध्ये दुसरी सेव्हन होती. रंग उडालेला, सीट फाटलेल्या, पण नळ्या सरळ आणि दोन्ही बाजूंची मापे जुळणारी. ती घेतली. ब्रिटनमध्ये २०१४पासून रोड टॅक्स गाडीबरोबर नव्या मालकाकडे जात नाही. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी विमा सुरू करावा, नोंदणीपत्राचा हिरवा तुकडा हातात घ्यावा आणि त्यावरील क्रमांकाने तिथेच फोनवर टॅक्स भरून मगच गाडी रस्त्यावर आणावी.