सर्व्हरच्या खर्चाची खतावणी

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत दुकानांसाठी आम्ही हिशेबाचा एक प्रोग्रॅम चालवतो. हळद आणि बेदाण्याच्या सौद्यांची नोंद, शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब, खरेदीदाराचे बिल, दोघांना जाणारा एसएमएस आणि मागाल तेव्हा खातेउतारा, एवढी कामे त्यात होतात. विश्रामबागेतील दोन खोल्यांत आम्ही चौघे बसतो. प्रोग्रॅम मात्र भाड्याच्या सर्व्हरवर चालतो आणि त्याच्या शेजारी पोस्टग्रेसचा डेटाबेस असतो. गेल्या हंगामात सौद्यांच्या दिवशी दुपारी तो सर्व्हर इतका दमू लागला की दोनदा मोठा घ्यावा लागला. दुसऱ्या वेळचे भाडे पाहून माझ्या भागीदाराने साधा प्रश्न विचारला, की हे पैसे नेमके कोणत्या कामावर जातात? पट्टीची पीडीएफ करण्यावर, असे मी तत्काळ सांगून टाकले. ते उत्तर चुकीचे होते आणि ते चुकीचे का होते हे कळायला मला सहा आठवडे लागले.

प्रोग्रॅम पायथन या भाषेत आहे, म्हणून प्रथम पायथनसोबतच मिळणारा, कोणत्या फंक्शनवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या कोणत्या तुकड्यावर, किती वेळ जातो ते मोजणारा सीप्रोफाइल चालवला. यादीत सर्वांत वर आले ते रकमांची बेरीज करणारे एक छोटे फंक्शन. पट्टी, बिल, उतारा, सगळेच त्याच्याकडे जातात आणि तेही मधल्या एकाच फंक्शनमार्फत. सीप्रोफाइल थेट हाक मारणाऱ्याची नोंद ठेवतो, पण त्या मधल्याला कोणी हाक मारली होती हे तो विसरतो. म्हणजे बेरीज महाग पडते एवढे कळले, ती कोणासाठी केली हे कळले नाही. ही अडचण जुनी आहे. १९८२ साली बर्कलीच्या ग्रॅहम, केसलर आणि मॅक्युसिक यांनी मांडलेला जीप्रॉफ हा असाच मोजणारा प्रोग्रॅम एखाद्या फंक्शनचा वेळ त्याला बोलावणाऱ्यांमध्ये हाकांच्या संख्येच्या प्रमाणात वाटून देतो; त्यात प्रत्येक हाक सारख्याच खर्चाची असते असे गृहीत धरलेले आहे. आमच्याकडे दोन ओळींच्या पट्टीची बेरीज ही एक हाक आणि दहा वर्षांच्या उताऱ्याची बेरीज हीदेखील एकच हाक. असे वाटप म्हणजे पट्टीवर अन्याय होता.

त्याच आठवड्यात एका दुकानात दुसऱ्याच कामासाठी गेलो असताना तिथले दिवाणजी किर्दीवरून, म्हणजे रोजच्या नोंदवहीवरून, खतावणी करत, म्हणजे नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवत बसले होते. मी सहज विचारले, ‘दिवाणजी, एकाच हमालाने दिवसभरात दहा जणांची पोती उचलली तर हमाली कशी लावता?’ त्यांनी मान वर न करता सांगितले, ‘साहेब, हमालाच्या नावावर कशी लावणार? पोतं ज्याचं, त्याच्या पट्टीत जाते.’ मी तोपर्यंत नेमके हमालाच्या नावावर सगळे लिहीत होतो.

किर्द ठेवण्याचे साधन आमच्या क्षेत्रात तयारच आहे, त्याला ट्रेसिंग म्हणतात. गूगलने २०१० साली आपल्या डॅपर या यंत्रणेवर निबंध प्रसिद्ध केला, त्यातून ही पद्धत सर्वत्र पसरली. पुढे २०१९ साली ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे दोन प्रकल्प एकत्र करून ओपनटेलिमेट्री उभी राहिली, ती मी वापरली. बाहेरून एखादी विनंती आली की तिला बत्तीस षोडशमान अंकांचा एक क्रमांक मिळतो. तिच्यापोटी होणाऱ्या प्रत्येक कामाला, म्हणजे स्पॅनला, स्वतःचा सोळा अंकांचा क्रमांक आणि आपल्या आईस्पॅनचा क्रमांक मिळतो. त्यामुळे किर्दीतील कोणतीही ओळ हातात घेतली तरी मुळापर्यंत जाता येते. मुळाशी मी दोन शिक्के लावले, कामाचे नाव आणि दुकान, आणि ते खालच्या प्रत्येक स्पॅनवर उतरतील अशी सोय केली.

पहिल्या दिवसाच्या खतावणीत सर्वाधिक खर्च एसएमएसच्या नावावर पडला. क्षणभर मलाही ते खरे वाटले. प्रत्यक्षात एसएमएस पाठवणारा स्पॅन आठ-आठ सेकंद उघडा राहत होता, कारण तो समोरच्या यंत्रणेच्या पोचपावतीची वाट पाहत होता. वाट पाहण्याला सर्व्हरचा सीपीयू, म्हणजे त्याचा गणन करणारा भाग, लागत नाही. भिंतीवरचे घड्याळ आणि सीपीयूचे घड्याळ यांतील हा फरक मला पुस्तकातून ठाऊक होता, तरी नोंद मी भिंतीवरच्या घड्याळानेच करत होतो. पायथनमध्ये ३.७ या आवृत्तीपासून थ्रेडने, म्हणजे प्रोग्रॅममधील कामाच्या एका धाग्याने, प्रत्यक्ष वापरलेला सीपीयू सांगणारे घड्याळ आहे. स्पॅनच्या सुरुवातीला आणि शेवटी ते वाचून फरक लिहायला लागलो.

तरीही एसएमएसचा आकडा पुरेसा उतरला नाही. तो भाग पायथनच्या असिंकआयओ या सोयीवर लिहिलेला होता, म्हणजे एकाच थ्रेडवर शंभर कामे आळीपाळीने चालत होती. पहिले काम वाट पाहत असताना उरलेली नव्व्याण्णव कामे जो सीपीयू वापरत, तो थ्रेडच्या घड्याळात पडत होता आणि पहिल्याचा स्पॅन बंद होताना त्याच्याच नावावर लिहिला जात होता. म्हणजे काट्याबाहेर उभ्या असलेल्या गाडीच्या नावावर, ती उभी असेपर्यंत तोललेली सगळी पोती चढवल्यासारखे झाले. शेवटी संदेशाचा मजकूर तयार करण्याचे काम त्या भागातून काढून साध्या थ्रेडवर नेले, तिथे त्याचा हिशेब सरळ लागतो. निव्वळ पाठवण्याचा जो किरकोळ सीपीयू उरला तो सामाईक खात्यात टाकला.

एका उताऱ्याचा स्वतःचा खर्च तर उणे आला. आईस्पॅनच्या वेळातून मुलांचे वेळ वजा केले की तिचा स्वतःचा वेळ उरतो, हे सूत्र मी डोळे झाकून वापरले होते. पण तो उतारा चार क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, एकाच वेळी चार थ्रेडवर सोडत होता आणि चारही मुलांच्या वेळांची बेरीज आईपेक्षा मोठी भरत होती. तेव्हापासून मूल आईच्याच थ्रेडवर चालले असेल तरच त्याचा सीपीयू वजा करायचा, असा नियम केला.

याच चार थ्रेडमुळे दुसरा घोटाळा उघडकीस आला. खतावणीत ‘नाव नाही’ या खात्यावर जवळजवळ तिसरा हिस्सा जमा होत होता. ट्रेसचा चालू क्रमांक पायथन ज्या कॉन्टेक्स्ट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे चालू कामासोबतच्या नोंदीत, ठेवतो, ते थ्रेडपूलकडे, म्हणजे तयार ठेवलेल्या थ्रेडच्या गटाकडे, काम सोपवताना आपोआप सोबत जात नाही. नवा थ्रेड कोऱ्या पाटीने सुरू होतो आणि तिथले स्पॅन बिनआईचे होतात. काम सोपवण्यापूर्वी कॉन्टेक्स्टची प्रत काढून तिच्यातच ते चालवावे लागते. पीडीएफची कामे ज्या रांगेत पडतात तिथेही हेच होते, म्हणून रांगेतील प्रत्येक चिठ्ठीवर ट्रेसचा क्रमांक लिहायला लावला. दोन्ही दुरुस्त्या मिळून तीसेक ओळींच्या, पण शोधायला दीड आठवडा गेला.

आता प्रोग्रॅमचा हिशेब बसला, डेटाबेसचा नाही. आमच्या बाजूने पाहिले तर क्वेरी म्हणजे नुसते थांबणे. खरा सीपीयू पोस्टग्रेसच्या प्रोसेसमध्ये जळतो. प्रत्येक क्वेरीचा एकूण वेळ मांडणारे पीजी स्टॅट स्टेटमेंट्स हे पोस्टग्रेसचे विस्तार-साधन मी सुरू केले आणि क्वेरीच्या मजकुरातच कॉमेंट म्हणून, म्हणजे डेटाबेस ज्याकडे दुर्लक्ष करतो अशी टीप म्हणून, कामाचे नाव घातले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर शिलकेची क्वेरी संपूर्णपणे पट्टीच्या नावावर! हे विस्तार-साधन क्वेरीची ओळख तिच्या रचनेवरून ठरवते, कॉमेंट त्यात धरत नाही, आणि दाखवण्यासाठी मजकूर मात्र पहिल्यांदा आलेल्या क्वेरीचा ठेवते. सकाळी पहिली पट्टी निघाली, म्हणून दिवसभराचा भार तिच्या माथी बसला होता. मग एका सौद्याच्या दिवशी दुपारपुरती प्रत्येक क्वेरी तिच्या वेळेसह लॉगमध्ये उतरवली, कारण लॉगमध्ये कॉमेंट जशीच्या तशी येते, आणि त्यावरून बेरजा केल्या.

तेव्हा उत्तर मिळाले. मालकांच्या मोबाइलवर प्रोग्रॅम उघडला की पहिल्याच पडद्यावर ‘आजची बाकी’ दिसते. ती दर तीस सेकंदांनी ताजी होत होती आणि प्रत्येक वेळी खाते उघडल्यापासूनच्या सर्व नोंदींची बेरीज नव्याने करत होती. सौद्याच्या दिवशी दुपारभर सगळ्या दुकानांचे मोबाइल गल्ल्यावर उघडे पडलेले असत, कोणी पाहो वा न पाहो. डेटाबेसचा निम्म्याहून अधिक वेळ या एका आकड्यावर जात होता. पीडीएफचा वाटा, प्रोग्रॅमचा आणि डेटाबेसचा खर्च एकत्र धरूनही, बाराव्या हिश्श्याहून कमी भरला. हिशेबाचा प्रोग्रॅम विकणाऱ्या माणसांनी बाकी पुढे ओढायची विसरावी, याची मला अजूनही लाज वाटते. आता रोज रात्री बाकी ओढली जाते आणि दुपारी फक्त त्या दिवसाच्या नोंदी तिच्यात मिळवल्या जातात. पुढच्या महिन्यापासून आम्ही जुना, लहान सर्व्हर परत घेतला.

मेमरीचा हिशेब मात्र या मार्गाने लागला नाही. पायथनचे ट्रेसमॅलॉक मेमरी कोणत्या ओळीवर घेतली गेली ते सांगते. पण घेतलेली मेमरी स्पॅन संपल्यावरही कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा वापरण्यासाठीच्या साठ्यात, राहते आणि पुढे दुसऱ्याच दुकानाच्या उपयोगी पडते. ती, डेटाबेसची स्वतःची आवराआवर आणि ‘नाव नाही’मध्ये शेवटपर्यंत उरलेला थोडा भाग, असे सगळे मी सामाईक खर्च म्हणून वेगळे ठेवले. भागीदाराचे म्हणणे होते की तेही दुकानांवर प्रमाणात वाटून टाकावे, म्हणजे तक्ता पूर्ण दिसेल. मी नकार दिला. मोजलेला आकडा आणि वाटलेला आकडा एका स्तंभात मिसळले की पुढच्या वर्षी मलाच ते ओळखता येणार नाहीत.

या सामाईक खर्चातील एक मोठा तुकडा खुद्द ट्रेसच्या नोंदी साठवण्याचा निघाला. म्हणून आता दहा विनंत्यांपैकी एकीचाच ट्रेस ठेवतो आणि तिचा आकडा दहापट धरतो. महिन्यातून एकदाच निघणारे उतारे या चाळणीतून गळून पडत, त्यामुळे तेवढे मात्र सगळेच्या सगळे नोंदवतो आणि एकपटच धरतो.