तक्त्यावरचे तारे

केज तालुक्यातल्या आमच्या शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग माझ्याकडं आहे. गेल्या जानेवारीत भिंतीवर तक्ता लावला. पाढा पाठ झाला की चमकीचा तारा, शनिवारी पहिला नंबर. पहिल्या आठवड्यात वर्ग नुसता दणाणला. मार्चात ऊसतोडीहून आईबापासोबत एक पोरगी परतली. तिच्या नावापुढं दोन तारे, पहिल्यापुढं एकोणतीस. "बाई, आता कुठं गाठायचं?" म्हणाली. रात्रभर ते टोचत राहिलं.

मग वाचायला बसले. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. प्रशस्तिपत्राचं आमिष आधीच दाखवलेली मुलं नंतर मोकळ्या वेळात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही! डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ तर सांगतात, माणसाला तीन गोष्टी लागतात: स्वतः निवडता येणं, जमतंय असं वाटणं आणि आपल्या माणसांची सोबत. माझ्या तक्त्यानं त्या पोरीला यातलं काहीच दिलं नव्हतं.

तक्ता काढला. आता प्रत्येकाच्या वहीत मागच्या पानावर ज्वारीचं कणीस आहे. पाढा आला की एक दाणा रंगवायचा. कुठला पाढा आधी, ते पोरं ठरवतात. जोडीदाराला शिकवला तर दाणा दोघांचा.

त्या पोरीनं थेट तेराचा निवडला. परवा मधल्या सुट्टीत, लिंबाखाली, मैत्रिणीची बोटं धरून तिला तो शिकवत होती. दाणा रंगवायचं दोघींच्या ध्यानातच राहिलं नाही.